जकात रमजानात येते, मेसचे बिल दर महिन्याला येते

मुंबईत विद्यार्थ्यांसाठी जकातीचा निधी गोळा करणाऱ्या आणि वाटणाऱ्या न्यासांच्या विश्वस्तांना खुले पत्र

सन्माननीय विश्वस्त बंधू-भगिनींनो,

अस्सलामु अलैकुम.

मी मुंबईतल्या एका पदवी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जावर शिफारस हवी असलेली, बोनाफाइड दाखल्यासाठी खेटे घालणारी, फीची मुदत वाढवून मिळेल का हे विचारणारी मुले-मुली अनेक वर्षांपासून माझ्याकडे येत आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे शिक्षण आपल्यासारख्या संस्थांच्या मदतीवर उभे आहे आणि त्याबद्दल मनात कृतज्ञता ठेवूनच मी हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे. विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जकातीचा, म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानाने आपल्या मालमत्तेतून दरवर्षी द्यायच्या अनिवार्य दानाचा, मोठा भाग आपण रमजानात एकरकमी फी म्हणून देण्याऐवजी जुलै ते एप्रिल असा दर महिन्याला, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात, राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी द्यावा.

ही मागणी करण्याचे पहिले कारण कॅलेंडरचे आहे. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हे आपल्याला सांगायला नको. २०१५ आणि २०१६ साली रमजान जून-जुलैत होता. बारावीचा निकाल लागलेला, प्रवेश सुरू झालेले आणि त्याच वेळी भेंडी बाजारापासून मुंब्र्यापर्यंत व्यापारी, डॉक्टर, नोकरदार आपापला हिशेब करून अडीच टक्के बाजूला काढत होते. फी भरायची वेळ आणि जकात निघायची वेळ एकच होती, म्हणून रमजानात अर्ज मागवून फी भरण्याची पद्धत त्या काळात अगदी योग्य होती. पण २०२५ साली रमजान मार्चमध्ये आला आणि २०२६ साली फेब्रुवारीत. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा सुरू होणार आहे, आणि पुन्हा जूनमध्ये यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे आज आपण ज्या वेळी अर्ज मागवतो, त्या वेळी ज्याला प्रवेश घ्यायचा होता त्याने तो कर्ज काढून घेतलेला असतो किंवा सोडून दिलेला असतो. रमजान सरकत गेला, आपल्या अर्जांची तारीख त्याच्याबरोबर सरकत गेली, आणि विद्यापीठाचे वर्ष मात्र जागच्या जागी राहिले.

दुसरे कारण गरजेच्या स्वरूपाचे आहे. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेत शिकणाऱ्या मुलाची फी हा त्याच्या वर्षभराच्या खर्चातला सर्वात लहान भाग असतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी अर्थातच मोठी आहे, पण तिथेही चित्र बदलले आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा अनेक मुस्लिम जाती इतर मागास प्रवर्गात आहेत. ज्यांना ते आरक्षण नाही त्यांना आर्थिक दुर्बलतेचा दाखला मिळू शकतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलीच्या हातात ही कागदपत्रे असली, तर फीचा प्रश्न बराचसा सुटतो. मुंबईत झोपायचे कुठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

दापोली, महाड, मालेगाव, परभणी इथून शिकायला आलेल्या मुलाला वसतिगृह मिळाले नाही, तर तो कुर्ल्यात, जोगेश्वरीत किंवा मुंब्र्यात कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत सहा-आठ खाटा, सामान खाटेखाली आणि महिन्याच्या सुरुवातीला भाडे रोख. रेल्वेचा पास विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतो, त्यामुळे प्रवास फारसा जड जात नाही. जड जाते ते दोन वेळचे जेवण. महिन्याची वीस तारीख उलटली की यातली काही मुले दुपारचा डबा बंद करतात आणि वडापाववर दिवस काढतात. प्रात्यक्षिकाचे साहित्य, झेरॉक्स, परीक्षेचा अर्ज आणि उशीर झाला तर त्यावरचा दंड, हे सगळे त्याच पैशांतून निघते. रमजानात तर खर्च वाढतो, कारण मेसचे पैसे आधीच भरलेले असतात आणि पहाटे साडेचारला मेस उघडी नसते. सेहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, बाहेर वेगळे पैसे मोजावे लागतात. इफ्तारची चिंता मुंबईत सहसा पडत नाही. मशिदीत जागा असते, लोकलच्या डब्यातही कोणीतरी खजूर आणि पाण्याची बाटली पुढे करतो, आणि पुष्कळदा तो पुढे करणारा रोजेदार नसतो. पण सेहरीशिवाय उपाशीपोटी रोजा धरून चार वाजता संपणारा पेपर लिहिणे वेगळे, आणि सेहरीला पोटभर जेवून तो लिहिणे वेगळे.

माझ्या पाहण्यात मुले फीमुळे जितकी गळतात त्याहून अधिक दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला गळतात. जूनमध्ये मामाने, गावच्या जमातीने (मुस्लिम समाजमंडळाने), शेजाऱ्याने मिळून प्रवेशाचे पैसे उभे केलेले असतात. नोव्हेंबरपर्यंत ती मदत संपते. मुलगा संध्याकाळी एखाद्या दुकानात, नंतर डिलिव्हरीच्या कामावर लागतो, हजेरी कमी पडते, एक-दोन विषयांत केटी लागते, म्हणजे ते विषय राहतात, आणि एप्रिलच्या परीक्षेला तो बसत नाही. त्याच्या नावापुढे आपल्या संस्थेच्या अहवालात फी भरल्याची नोंद असते. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की वीस वर्षे आणि त्यावरील वयाच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी होते, तर एकूण लोकसंख्येत ते सात टक्क्यांच्या आसपास होते. महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचवणे हे पहिले काम होते आणि ते आपण केले. पदवी हातात पडेपर्यंत त्याला तिथे टिकवणे हे त्याहून लांब चालणारे काम आहे.

आता मदत देण्याच्या रीतीबद्दल. हे लिहिताना मी कोणत्याही संस्थेचे नाव घेणार नाही, कारण ही रीत एकट्या एका संस्थेची नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी, वडील मासेमारीच्या बोटीवर खलाशी, रमजानात मुलाखतीसाठी गेली. रांग जिन्यापर्यंत आली होती. हातातल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, गेल्या सत्राची गुणपत्रिका, विजेचे बिल आणि इमामसाहेबांचे पत्र होते. तिचा नंबर आला तेव्हा टेबलापलीकडे तिघे बसले होते आणि पाठीमागे रांगेतली मुले ऐकत होती. वडील महिन्याला किती पाठवतात, मोठा भाऊ काय करतो, लग्न ठरले आहे का, हातातला मोबाइल कितीला घेतला, असे प्रश्न झाले. तिची मदत मंजूर झाली. पंधरा दिवसांनी समारंभ झाला, मंचावर बोलावून तिच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा धनादेश दिला गेला आणि फोटो निघाला. तो फोटो त्याच रात्री तिच्या गावच्या जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचला. तिच्या वडिलांनी आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता. पुढच्या वर्षी मी स्वतः अर्ज आणून दिला, तेव्हा तिने तो शांतपणे घडी घालून माझ्या टेबलावर परत ठेवला.

कुराणातल्या सूरह बकरा या अध्यायाच्या २७३व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे मागत नाहीत आणि ज्यांच्या संयमामुळे न जाणणाऱ्याला ते सुखवस्तू वाटतात. त्याच सूरहमध्ये २७१व्या आयतीत म्हटले आहे की दान उघडपणे दिले तरी चांगलेच, पण लपवून गरिबांपर्यंत पोहोचवले तर ते अधिक चांगले. आणि २६४व्या आयतीत उपकार बोलून दाखवून व मन दुखवून आपले दान वाया घालवू नका अशी स्पष्ट ताकीद आहे. देणगीदारांना विश्वास वाटावा म्हणून समारंभ लागतो, असे मला एका विश्वस्तांनी सांगितले आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण देणगीदारांना विश्वास लेखापरीक्षणाने देता येतो. किती विद्यार्थी, कोणता अभ्यासक्रम, किती जण उत्तीर्ण, किती जणांनी वर्ष पूर्ण केले, हे नावाशिवाय आणि चेहऱ्याशिवाय छापता येते. जे देतात त्यांनाही ते अधिक उपयोगी पडेल, कारण फोटोवरून मुलगी पदवीधर झाली की नाही हे कळत नाही.

गुप्तपणे मदत करता येते, याचे एक छोटे उदाहरण मी पाहिले आहे. एका वसतिगृहात काही मुलांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा खोलीतल्या फळीवर ठेवला आहे. जुम्याची नमाज पढून आले की प्रत्येक जण जमेल तेवढे पैसे त्यात टाकतो, कोणी दहा रुपये, कोणी वीस. ज्याला परीक्षेचा अर्ज भरायचा आहे किंवा मेसचे बिल थकले आहे, तो खोलीत कोणी नसताना डबा उघडतो. कोणी किती घेतले याची वही नाही. ज्याने घेतले तो पुढे हात मोकळा झाला की परत टाकतो, आणि टाकले नाही तरी कोणी विचारत नाही. ही मुले स्वतः जकात घेण्याच्या स्थितीत आहेत आणि तरी सदका, म्हणजे ऐच्छिक दान, देत आहेत. लाखो रुपयांचा निधी असा वहीशिवाय चालवता येणार नाही, हे उघड आहे. पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची जी काळजी त्या खोलीत घेतली जाते, ती आपल्या कार्यालयात नक्कीच घेता येईल.

आपल्या मनात काही हरकती येतील आणि त्या रास्त आहेत. पहिली शरियतची: रमजानात आलेली जकात वर्षभर अडकवून कशी ठेवायची? ती अडकवून ठेवू नका, हेच माझेही म्हणणे आहे. ज्याच्याकडे निसाबाइतकी, म्हणजे जकात लागू होण्याइतकी किमान, मालमत्ता आहे त्याला वर्ष पूर्ण होण्याआधी अगाऊ जकात देता येते, असे हनफी आणि शाफई या दोन्ही फिकहांत (धर्मशास्त्राच्या परंपरांत) मानले जाते, आणि मुंबईतले बहुतेक सुन्नी देणगीदार या दोहोंपैकी एका मताचे आहेत. पैगंबरसाहेबांचे काका हजरत अब्बास यांनी आपली जकात मुदतीआधी देण्याची परवानगी मागितली आणि पैगंबरसाहेबांनी ती दिली, हे हदीसमध्ये आलेले आहे. म्हणून देणगीदारांना असे सांगता येईल, की येत्या जुलैपासून दर महिन्याला ठरावीक रक्कम जकातीच्या हेतूने द्या आणि रमजानात एकूण हिशेब करताना ती वजा करा. ज्यांना रमजानचे विशेष पुण्य हवे आहे त्यांनी उरलेली रक्कम तेव्हा द्यावी, ती त्या विद्यार्थ्यांच्या उरलेल्या महिन्यांच्या खर्चासाठी लगेच वाटता येईल. आपल्या संस्थेशी संबंधित मुफ्तीसाहेबांना यावर लेखी मत मागावे, म्हणजे देणगीदारांचे समाधान होईल. रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याने तमलीकची, म्हणजे घेणाऱ्याला त्या पैशांचा पूर्ण मालक करण्याची अटही सरळपणे पूर्ण होते.

दुसरी हरकत आयकराची आहे. रमजान आता आर्थिक वर्षाच्या तोंडावर येतो, ३१ मार्च समोर दिसत असतो आणि करसवलत टिकवायची तर न्यासाला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. त्यामुळे मार्चमध्ये घाईघाईने वाटप होते आणि या घाईत ज्याची फाइल आधी पूर्ण झाली त्याचा नंबर आधी लागतो. मासिक देणग्या वर्षभर येत राहिल्या, तर ही घाई आपोआप कमी होईल. शिवाय वेळेत ठरावीक अर्ज भरून खर्च पुढच्या वर्षात करण्याची सोय कायद्यात आहे, हे आपल्या चार्टर्ड अकाउंटंटना ठाऊक असेलच.

तिसरी हरकत सर्वात प्रामाणिक आहे: अशाने विद्यार्थ्यांची संख्या कमी होईल. हो, होईल. समजा एका संस्थेकडे बारा लाख रुपये आहेत. वीस-वीस हजार दिले तर साठ नावे अहवालात येतात. महिना तीन हजार याप्रमाणे दहा महिने दिले तर चाळीसच नावे येतात. माझे मत असे आहे की अर्ध्यावर सुटणाऱ्या साठांपेक्षा शेवटपर्यंत जाणारे चाळीस बरे, कारण ज्याची पदवी पूर्ण होते तो पाच-सात वर्षांत स्वतः जकात देणाऱ्यांच्या रांगेत येतो आणि उरलेल्या वीस जणांचा भार उचलू शकतो. आपल्या शहरात एकाच वेळी अनेक संस्था हे काम करतात. त्यांनी एकमेकांशी बोलून विद्यार्थी वाटून घेतले, तर एकाच मुलाला तीन ठिकाणी रांग लावावी लागणार नाही आणि कोणी अगदीच सुटून जाणार नाही.

याबरोबर दोन गोष्टी थोडक्यात मांडते. आपल्या अर्जांत वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला प्राधान्य असते. वकिली, समाजकार्य, इतिहास, मराठी साहित्य शिकणाऱ्यांना बहुधा नकार मिळतो. समाजाला डॉक्टर हवेत, तसे न्यायालयात उभे राहणारे आणि महाविद्यालयात शिकवणारेही हवेत. पदव्युत्तर संशोधन करणाऱ्यांची स्थिती तर अधिक बिकट आहे, कारण अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ पासून चाललेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आली आणि तेव्हापासून पीएच.डी.ला नोंदणी करू पाहणारी गरीब घरची मुले ट्यूशन घेऊन दिवस काढत आहेत. दुसरी गोष्ट सदक्याची. जकात कोणाला द्यायची याचे आठ वर्ग सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत ठरलेले आहेत आणि सर्वसाधारण मतानुसार ती मुसलमानांसाठीच आहे. ऐच्छिक सदक्याला मात्र असे बंधन नाही. ज्या कॉट बेसिसच्या खोलीत परभणीचा मुस्लिम मुलगा डबा बंद करतो, त्याच खोलीत शेजारच्या खाटेवर हिंगोलीच्या शेतकऱ्याचा मुलगाही तेच करत असतो. सदक्याच्या पैशांतून मेसचा वेगळा निधी काढून तो कोणत्याही धर्माच्या गरजू विद्यार्थ्याला खुला ठेवावा, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

या शहरात शिक्षणासाठी मोठ्या मनाने देण्याची परंपरा जुनी आहे. बदरुद्दीन आणि कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मोहम्मद अली रोघे यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. सर मोहम्मद युसूफ यांनी दिलेल्या आठ लाख रुपयांच्या देणगीतून जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० साली इस्माईल युसूफ महाविद्यालय उभे राहिले आणि तिथे आजही सर्व धर्मांची मुले शिकतात. त्या पिढीने दगडाच्या इमारती बांधल्या, कारण त्या वेळी इमारतीच नव्हत्या. आज इमारती आहेत, अभ्यासक्रम आहेत, काही प्रमाणात फीमाफीही आहे. कमी पडतो तो रोजचा खर्च, आणि तो भागवण्याची ऐपत आपल्या समाजात आहे.

पडताळणीचे काम वाढेल असे वाटत असेल, तर त्याची जबाबदारी माझ्यासारखे शिक्षक घ्यायला तयार आहेत. माझ्या महाविद्यालयातील आणि ओळखीच्या इतर महाविद्यालयांतील काही सहकाऱ्यांशी मी बोलले आहे. विद्यार्थ्याची कागदपत्रे आम्ही महाविद्यालयातच तपासू, हजेरी आणि निकाल सत्रातून एकदा कळवू, आणि मुलाखत घ्यायचीच असेल तर ती बंद खोलीत, एका विश्वस्तांनी आणि एका शिक्षकाने घ्यावी. मुलगी असेल तर मुलाखत घेणाऱ्यांत एक स्त्री असावी. अर्ज मे महिन्यात मागवावेत, बारावीचा निकाल लागताच प्रवेशाच्या वेळची तातडीची मदत द्यावी आणि पहिला मासिक हप्ता जुलैत जमा करावा. पुढचे हप्ते दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत यावेत, कारण भाडे आणि बहुतेक मेसची बिले दहा तारखेच्या आत भरावी लागतात. हा विषय आपण संस्थेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि शक्य असल्यास त्या बैठकीला आम्हा दोन-तीन शिक्षकांना, तसेच ज्यांना आजवर मदत मिळाली अशा काही विद्यार्थ्यांना बोलवावे. कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर आम्ही येऊ शकतो.

आपली,
मुंबईतील एका महाविद्यालयातील प्राध्यापिका